चौलची खाडी आणि ३ फेब्रुवारी

तारखांच्या योगायोगांस आम्ही सहसा महत्त्व देत नाही. परंतु ३ फेब्रुवारीपाशी मन अडखळते. १४८८ साली त्या दिवशी बार्तोलोमेउ दियश आफ्रिकेस वळसा घालून मोसेलच्या उपसागरी उतरला. बरोबर एकवीस वर्षांनी, १५०९ साली, त्याच तारखेस आल्मेदाने दीवपाशी मिसर व गुजरातचे आरमार मोडले. (दोन्ही तारखा जुन्या ज्यूलियन गणनेच्या.)

या युद्धाचे बीज मात्र चौलच्या खाडीत पडले होते. मार्च १५०८ मध्ये तेथे आल्मेदाचा पुत्र लोरेन्सू शत्रूशी झुंजत असता त्याचे गलबत मासे धरण्याकरिता रोवलेल्या खुंटांत अडकले. निघता निघेना, आणि तो तेथेच पडला. त्या सुडासाठी बापाने नव्या अधिकाऱ्यास कारभारही सोपविला नाही. पुढे १५१० साली मायदेशी परतताना तोही आफ्रिकेच्या त्याच दक्षिण टोकाशी तेथील रहिवाशांच्या हातून मारला गेला.