रोडिओ व्यवसायातील काउबॉय

रोडिओ व्यवसायातील काउबॉय : अमेरिकेची संयुक्त संस्थाने व कॅनडा या देशांच्या मुख्यत्वे पश्चिम भागात भरणाऱ्या रोडिओ स्पर्धांवर उपजीविका करणारा धंदेवाईक खेळाडू. ‘रोडिओ’ हा शब्द ‘वेढणे’ या अर्थाच्या स्पॅनिश क्रियापदापासून आलेला असून माळावर विखुरलेली गुरे वेढून एकत्र आणणे, हा त्याचा जुना अर्थ होय. उधळणाऱ्या घोड्यावर वा वळूवर मांड टिकविणे, धावत्या वासराला फासात पकडणे इ. गुराख्यांची कौशल्ये या स्पर्धांत पणाला लागतात. सांघिक खेळांतील धंदेवाईक खेळाडूला ठराविक वेतन मिळते. रोडिओतील काउबॉय मात्र स्वतः प्रवेशशुल्क भरून रिंगणात उतरतो व जिंकला तरच त्याच्या पदरी पैसा पडतो. या व्यवसायाच्या इतिहासाचे सूत्र या एका गोष्टीत सापडते.

पार्श्वभूमी : घोड्यावर बसून गुरे राखण्याची कला, दोराचा फास, खोगिराची घडण व धंद्यातील बरीचशी परिभाषा अमेरिकन काउबॉयने मेक्सिकोतील ‘व्हाकेरो’ या गुराख्यांकडून घेतली. अमेरिकन यादवी युद्धानंतर (१८६१–६५) उत्तरेकडील शहरांत मांसाची मागणी वाढली. १८६७ पासून टेक्ससमधील गुरांचे प्रचंड कळप कॅनझसमधील ॲबिलीन या रेल्वेस्थानकापर्यंत हाकत नेले जाऊ लागले. या कामावरील गुराख्यांत गोऱ्यांबरोबरच मेक्सिकन आणि दास्यमुक्त कृष्णवर्णीयही होते. महिना साधारण २५ ते ४० डॉलर वेतनावर ते राबत आणि हंगाम संपताच त्यांतील अनेकांचे काम सुटत असे. १८८३ मध्ये उत्तर टेक्ससमधील गुराख्यांनी दरमहा ५० डॉलर वेतनाची मागणी करून संप पुकारला; परंतु बदली माणसे सहज मिळत असल्याने तो फसला.

जोसेफ ग्लिडन याने १८७४ मध्ये काटेरी तारेचे एकस्व मिळविले. त्यानंतर मोकळ्या माळांना कुंपणे पडू लागली, रेल्वेचे फाटे टेक्ससपर्यंत पोहोचले आणि १८८६-८७ च्या कडक हिवाळ्यात उत्तरेकडील माळरानांवर असंख्य गुरे मेली. त्यामुळे लांब पल्ल्याच्या हाकण्या संपुष्टात आल्या. गुराख्याचे कसब शिल्लक राहिले. पण त्याला लागणारे काम आटले. हेच कसब पुढे प्रेक्षकांसमोर आले.

स्पर्धांचा उगम : गुरे एकत्र आणल्यावर निरनिराळ्या रांचांवरील गुराखी आपापसांत चुरस लावीत. कोलोरॅडोतील डिअर ट्रेल येथे ४ जुलै १८६९ रोजी झालेली अशी चुरस ही आरंभीच्या नोंदलेल्या स्पर्धांपैकी एक मानली जाते. तिच्या विजेत्यास बक्षीस म्हणून कपड्यांचा एक जोड मिळाला. टेक्ससमधील पेकॉस (१८८३) व ॲरिझोनातील प्रेस्कट (१८८८) येथील स्पर्धाही पहिलेपणाचा मान सांगतात. याच सुमारास विल्यम कोडी उर्फ बफालो बिल (१८४६–१९१७) याने पश्चिमेकडील जीवनाचे नाट्यपूर्ण खेळ सुरू केले (१८८३). या खेळांतील काउबॉय पगारी नोकर होता, तर स्पर्धांतील काउबॉय आपल्या हिंमतीवर उतरणारा उमेदवार होता. पुढील काळात पगारी खेळ मागे पडले व स्पर्धा टिकल्या. वायोमिंगमधील शायेन (१८९७), ऑरेगनमधील पेंडलटन (१९१०) व कॅनडातील कॅल्गारी (१९१२) येथील वार्षिक मेळावे तेव्हापासून प्रसिद्ध आहेत.

या आरंभीच्या पिढीत बिल पिकेट (१८७०–१९३२) या कृष्णवर्णीय काउबॉयचे स्थान मोठे आहे. धावत्या घोड्यावरून उडी टाकून बैलाला शिंगांनी धरून लोळविण्याचा प्रकार त्याने लोकप्रिय केला. तथापि वर्णभेदामुळे अनेक स्पर्धांची दारे त्याला बंद होती. घोड्याच्या लाथेने झालेल्या इजेमुळे त्याचा मृत्यू झाला. नेझ पर्स जमातीतील जॅक्सन सनडाउन याने १९१६ मध्ये, पन्नाशी उलटल्यावर, पेंडलटनचे अजिंक्यपद पटकाविले. स्त्रियाही उधळणारे घोडे बसत असत. परंतु १९२९ मध्ये पेंडलटन येथे बॉनी मकॅरोल हिला प्राणघातक अपघात झाला आणि स्त्रियांच्या या स्पर्धा हळूहळू बंद पडत गेल्या. १९४८ मध्ये टेक्ससमधील स्त्रियांनी स्वतःची संघटना स्थापन केली. पिंपांना वळसे घालीत घोडा दौडविण्याची शर्यत हा पुढे त्यांचा प्रमुख क्रीडाप्रकार ठरला.

स्पर्धांचे स्वरूप : रोडिओतील प्रकारांचे दोन गट पडतात. वेळेशी झुंज असलेल्या गटात वासराला फासात पकडून त्याचे पाय बांधणे, दोघांनी मिळून बैलाला दोर टाकणे आणि बैलाला लोळविणे हे प्रकार येतात. दुसऱ्या गटात खोगीर घातलेल्या घोड्यावर, बिनखोगिराच्या घोड्यावर व वळूवर बसणे यांचा समावेश होतो. स्वाराने एकाच हाताने पकड ठेवून आठ सेकंद टिकावयाचे असते. मोकळ्या हाताचा जनावराला वा स्वतःला स्पर्श झाल्यास तो बाद होतो. एकूण १०० गुणांपैकी निम्मे स्वाराच्या कौशल्याला व निम्मे जनावराच्या उधळण्याला दिले जातात. जनावर चिठ्ठी टाकून ठरविले जात असल्याने सौम्य घोडा वाट्याला आलेल्या निष्णात स्वारालाही बक्षिसाला मुकावे लागते. जनावर जोराने उधळावे म्हणून त्याच्या मागच्या पायांपुढे पोटाभोवती पट्टा आवळतात. याला प्राणिरक्षक संस्थांनी सातत्याने आक्षेप घेतला आहे.

१९३६ चा संप व संघटना : स्पर्धा भरविणाऱ्यांनी १९२९ मध्ये आपली संघटना स्थापन केली, मात्र स्पर्धकांना तीत आवाज नव्हता. जाहीर केलेली बक्षिसे कित्येकदा तुटपुंजी असत व स्पर्धकांनी भरलेले शुल्क बक्षिसात न मिळविता आयोजक स्वतःकडे ठेवीत. परिणामी, सर्व बक्षिसे एकट्याने जिंकली तरी खर्च भरून निघू नये, अशी स्थिती काही ठिकाणी उद्भवे. ऑक्टोबर १९३६ च्या अखेरीस बॉस्टन येथे कर्नल डब्ल्यू. टी. जॉन्सन याच्या रोडिओत ६१ काउबॉयांनी एका अर्जावर सह्या केल्या. बक्षिसांची रक्कम दुप्पट करावी आणि प्रत्येक प्रकारातील प्रवेशशुल्क तीत मिळवावे, या त्यांच्या मागण्या होत्या. जॉन्सनने बदली माणसे उभी करून पाहिली. पण उधळणारे घोडे बसणारी माणसे बाजारात सहज मिळत नसल्याने त्याला नमते घ्यावे लागले. १८८३ च्या संपाशी तुलना करता या यशाचे कारण स्पष्ट होते : साधा गुराखी बदलता येत होता, तर स्पर्धेतील काउबॉय हाच मुळी विकला जाणारा खेळ होता.

या संपातून ‘काउबॉइज टर्टल असोसिएशन’ ही संघटना जन्मली. कासवासारखे आपण संथ असलो, तरी अखेर मान बाहेर काढली, असा या नावाचा आशय सांगितला जातो. १९४५ मध्ये तिचे ‘रोडिओ काउबॉइज असोसिएशन’ व १९७५ मध्ये ‘प्रोफेशनल रोडिओ काउबॉइज असोसिएशन’ असे नामांतर झाले. लक्षणीय बाब अशी, की संपकऱ्यांनी पगाराची मागणी केली नाही; आपण भरलेला पैसा बक्षिसात यावा आणि पंच जाणकार असावेत, एवढेच त्यांना हवे होते. स्वतंत्र राहण्याचा हा आग्रह त्यांच्या अभिमानाचा विषय ठरला आणि असुरक्षिततेचे कारणही.

जीवनमान : धंदेवाईक काउबॉय हा कुणाचा नोकर नसतो. त्यामुळे कामावरील इजेबद्दल नोकरदाराला कायद्याने मिळणारी भरपाई त्याला लागू होत नाही. शुल्क, इंधन, निवास, घोड्याची वाहतूक व चारा यांचा भार त्याच्यावरच असतो. नवोदिताला प्रथम परवाना घ्यावा लागतो व मान्यताप्राप्त स्पर्धांत १,००० डॉलर मिळविल्यावरच तो पूर्ण सदस्यत्वास पात्र होतो. ४ जुलैच्या आसपासचे दिवस ‘काउबॉय ख्रिसमस’ म्हणून ओळखले जातात. या अवधीत स्पर्धा दाटीने भरत असल्याने काउबॉय रात्रभर मोटार हाकीत एका गावाहून दुसरे गाव गाठतो. सहा वेळा सर्वंकष अजिंक्यपद मिळविणारा लॅरी मॅहन (१९४३–२०२३) स्वतःचे विमान चालवीत असे. तथापि हे वैभव अपवादात्मक होय. १९५९ पासून भरणाऱ्या राष्ट्रीय अंतिम रोडिओत प्रत्येक प्रकारातील वर्षभराच्या कमाईने पहिले आलेले पंधराच जण प्रवेश मिळवितात. उरलेल्यांपैकी अनेकांना रांचवरील काम, नालबंदी किंवा घोडे शिकविणे अशा जोडधंद्यावर विसंबावे लागते.

इजा ही या व्यवसायाची नित्याची बाब आहे. खांदा निखळणे, कोपर दुखावणे, बरगड्या मोडणे व मेंदूला धक्का बसणे हे प्रकार वारंवार घडतात. पैसा केवळ उतरल्यानेच मिळत असल्यामुळे हाड जुळून येण्यापूर्वीच अनेक जण पुन्हा जनावरावर बसतात. १९८२ चा वळूस्वारीतील अजिंक्यवीर चार्ल्स सॅम्पसन याच्या चेहऱ्याची अनेक हाडे १९८३ मध्ये राष्ट्राध्यक्ष रेगन यांच्यासमोरील स्पर्धेत मोडली. तरीही तो शिरस्त्राण घालून पुन्हा रिंगणात आला. या खेळासाठी फिरते वैद्यकीय पथक १९८० मध्ये प्रथम उभे राहिले. १९८७ चा अजिंक्यवीर लेन फ्रॉस्ट ३० जुलै १९८९ रोजी शायेन येथे आठ सेकंद पुरे करून उतरल्यावर वळूच्या धडकेने मरण पावला. तो पंचवीस वर्षांचा होता. त्याचा सहकारी कोडी लँबर्ट याने त्यानंतर छातीचे रक्षण करणारे जाकीट तयार केले व त्याचा वापर रूढ झाला. जाकिटाने अनेकांचे प्राण वाचले असले, तरी धोका सरलेला नाही. जानेवारी २०१९ मध्ये डेन्व्हर येथे मेसन लो हा वळूस्वार जाकीट घातलेले असूनही दगावला.

१९९२ मध्ये वीस वळूस्वारांनी प्रत्येकी १,००० डॉलर घालून स्वतःची वेगळी संस्था काढली. दूरचित्रवाणी व पुरस्कर्त्या कंपन्या यांमुळे आघाडीच्या स्वारांची प्राप्ती तीमधून पुष्कळ वाढली. सामान्य स्पर्धकाच्या बाबतीत मात्र जुनी घडी कायम आहे. १९३६ मध्ये मिळविलेल्या हक्कानुसार शुल्क बक्षिसात मिसळते. म्हणजे विजेत्याच्या हाती येणाऱ्या पैशात हरलेल्या सोबत्यांच्या पैशाचाही वाटा असतो. असे असूनही मोटारीचा व खोलीचा खर्च वाटून घेणे, अडचणीतल्या सोबत्याचे शुल्क भरणे आणि चिठ्ठीत आलेल्या जनावराची खोड प्रतिस्पर्ध्यालाही सांगणे, हे या समाजातील रूढ संकेत आहेत. संस्थात्मक आधार तुटपुंजा असलेल्या या व्यवसायात काउबॉय दीर्घकाळ अशा परस्पर-साहाय्यावरच तग धरून राहिला आहे.