अपग्रेड करू का? मराठीला हा प्रश्न जुनाच आहे

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला, आणि इथे संभाजीनगरात मला जो तो विचारतो, "११ टाकू का?"

विंडोज ९८ वरही मराठी टाईप व्हायची, पण कॉम्प्युटरच्या लेखी ती इंग्रजी अक्षरंच. फाँट त्यांना फक्त मराठी रूप द्यायचा. समोरच्याकडे तो फाँट नसला की सगळी खिचडी! मग विंडोज २००० मंगल फाँट घेऊन आलं आणि युनिकोडमधला 'क' खराच 'क' म्हणून ओळखू लागलं.

तरी बरेच डीटीपीवाले जुना सेटअप सोडेनात. तो काही आळस नव्हता. त्यांच्या पेजमेकरला युनिकोड मराठी जमतच नव्हती, आणि लग्नपत्रिकांपासून पुस्तकांपर्यंत सगळा माल जुन्या फाँटात. धंदा थांबवून कोण शिकणार?

पण किंमत मोजावी लागलीच. त्या फायलींमधला एक मराठी शब्दही कन्व्हर्ट केल्याशिवाय सर्चमध्ये सापडत नाही.

म्हणून माझं उत्तर: टाकल्यावर कुठलं काम बंद पडेल ते बघाच. पण न टाकल्यास काय अडकून पडेल, तेही मोजा.