घर राहिले तर कौले

दिवाळीच्या फराळाच्या ताटात राजकारण वाढू नये, असा आमच्या घरचा दंडक आहे. तो आज मी मोडतो आहे. गोष्ट जुन्या राजकारणाची आहे खरी, पण ती जितकी राजकारणाची आहे तितकीच एका माणसाचीही आहे.

१ मे १९६२. महाराष्ट्र राज्याला त्या दिवशी दोन वर्षे पुरी झाली. इकडे आपण आपले राज्य मिळाल्याचा आनंद साजरा करीत होतो, आणि तिकडे दिल्लीला राज्यसभेत ठेंगण्या बांध्याचे एक नवे सभासद राष्ट्रपतींच्या अभिभाषणावर बोलायला उभे राहिले. त्यांचे हे पहिलेच भाषण. नवा सभासद पहिल्या भाषणात बहुधा आपल्याकडचे बंधारे नि रस्ते काढतो. या गृहस्थांनी भारताच्या संसदेत उभे राहून भारतापासून वेगळे होण्याचा हक्क मागितला! नाव सी. एन. अण्णादुराई, गाव कांचीपुरम.

ते भाषण मी प्रथम वाचायला घेतले तेव्हा रागावण्याची तयारी करूनच बसलो होतो. राग काही आला नाही. आपण द्राविड वंशाचे आहोत, याचा आपल्याला अभिमान आहे, पण म्हणून बंगाली, मराठी किंवा गुजराती माणसाशी आपले वैर नाही, असे ते सांगतात. दक्षिणेजवळ जगाला देण्यासारखे स्वतःचे असे काही आहे, म्हणून तिला स्वयंनिर्णय हवा, हा त्यांचा मुद्दा. मधून मधून सभासद अडवतात. फाळणीची जखम तेव्हा अवघी पंधरा वर्षांची होती. अडवणार नाहीत तर काय? तरीही भाषण पुरे झाले. त्यांना कुणी खाली बसवले नाही की बाहेर काढले नाही. मला स्वतःला त्या दिवसाच्या कामकाजात सर्वांत मोलाचे वाटते ते हेच.

ही मागणी काही एका रात्रीत उगवलेली नव्हती. १९३८ साली मद्रास इलाख्यात राजगोपालाचारींच्या मंत्रिमंडळाने शाळांतून हिंदी सक्तीची केली. त्याविरुद्ध ई. व्ही. रामस्वामी नायकर, म्हणजे पेरियार, यांनी रान उठवले आणि त्या वणव्यातूनच वेगळ्या द्राविड देशाची कल्पना पुढे आली. (याच राजाजींनी पुढे म्हातारपणी हिंदीला कडाडून विरोध केला आणि १९६७ च्या निवडणुकीत अण्णादुराईंशी हातमिळवणी केली. इतिहासाला विनोदबुद्धी नाही असे कोण म्हणेल?) पेरियारांपासून फुटून अण्णादुराईंनी १९४९ साली द्रविड मुन्नेत्र कळघम हा पक्ष काढला. स्वतः ते नाटककार, चित्रपटांचे कथालेखक आणि तमिळ सभा तासन्‌तास खिळवून ठेवणारे वक्ते. उत्तर फोफावते आहे आणि दक्षिण झिजते आहे, ही त्यांच्या पक्षाची घोषणा खेड्यापाड्यांत पोचली. १९५७ साली पक्षाला विधानसभेत १५ जागा मिळाल्या होत्या. १९६२ साली त्या ५० झाल्या. मात्र खुद्द अण्णादुराई त्या निवडणुकीत कांचीपुरमला पडले आणि म्हणूनच राज्यसभेवर गेले.

आता घटनेत वेगळे होण्याला वाट होती काय? मुळीच नव्हती. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटनेचा मसुदा मांडताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हे लख्ख सांगून ठेवले होते. भारताचा संघ घटकराज्यांनी आपसात करार करून बनलेला नाही, म्हणून त्यातून फुटून निघण्याचा हक्क कुणालाही नाही. अमेरिकेला ही गोष्ट ठरवण्यासाठी यादवी युद्ध करावे लागले. आपण ती आरंभीच स्पष्ट केलेली बरी, असा त्यांचा रोख होता. पण कागदावर दार बंद केले म्हणून आतल्या माणसाची घुसमट थांबत नाही, हेही बाबासाहेब जाणून होते. १९५५ साली भाषिक राज्यांवर लिहिताना त्यांनीच उत्तर-दक्षिण दुराव्याची चिंता केली आणि हैदराबादला देशाची दुसरी राजधानी करावी असे सुचवले.

इथे आपण मराठी माणसांनी थोडे आपल्याकडेही पाहावे. भाषेप्रमाणे प्रांत पाडले तर देशाचे तुकडे होतील, ही भीती पंडित नेहरूंना होती. संयुक्त महाराष्ट्र मागणाऱ्यांनाही संकुचित प्रांतवादी म्हणून हिणवले गेले आणि शंभरावर माणसे त्यात प्राणाला मुकली. प्रत्यक्षात घडले ते उलटेच. आंध्र १९५३ साली झाला. १९५६ साली केरळ झाला, म्हैसूर राज्य कन्नड मुलुखाचे झाले. ज्याला त्याला आपले घर मिळाले, आणि मग तेलुगू, मल्याळी व कन्नड माणसांना द्राविडनाडूची ओढ उरली नाही. चार भाषांचा देश मागणारी चळवळ एका तमिळ मुलुखापुरती राहिली. ई. व्ही. के. संपत यांच्यासारखा मोहरा १९६१ साली, ही मागणी व्यवहार्य नाही असे म्हणत, पक्षातून बाहेर पडला. ज्या भाषावार रचनेने देश फुटेल असे वाटत होते, तिनेच फुटीची धार बोथट केली.

आणि १९६२ च्या ऑक्टोबरात चीनने आक्रमण केले. अण्णादुराईंनी त्या वर्षी भाववाढीविरुद्धच्या चळवळीत वेल्लोरचा तुरुंग पाहिला होता. युद्ध सुरू होताच त्यांच्या पक्षाने मागणी बाजूस ठेवली आणि अण्णादुराई संरक्षणासाठी लोकांपुढे झोळी घेऊन उभे राहिले. आपले यशवंतराव चव्हाण दिल्लीला संरक्षणमंत्री म्हणून गेले ते याच दिवसांत. घर राहिले तर कौले बदलता येतील, अशा अर्थाचे अण्णादुराईंचे एक वाक्य तमिळ लोक अजून सांगतात. आमच्या कोकणात पावसाळ्यापूर्वी घर शाकारताना मला ते दरवर्षी आठवते. कौले बदलायची असतात, हे त्या वाक्यात गृहीतच धरले आहे!

पुढच्याच वर्षी घटनेत सोळावी दुरुस्ती झाली. निवडणुकीला उभे राहणाऱ्याने भारताचे सार्वभौमत्व आणि अखंडत्व राखण्याची शपथ घ्यावी, असे ठरले. अण्णादुराईंनी दुरुस्तीला विरोध केला, आणि त्याच साली पक्षाच्या घटनेतून वेगळ्या देशाचे कलम काढूनही टाकले. मागणी सोडली, मागणीची कारणे मात्र शिल्लक आहेत, हे सांगायला ते विसरले नाहीत. काहीजण म्हणतात, ते कायद्याला भ्याले. बंदी आली असती तर पक्ष संपला असता, हे काही खोटे नाही. पण भ्यालेला माणूस गप्प बसतो किंवा भूमिगत होतो. हा माणूस आपल्या हजारो अनुयायांना समजावीत, त्यांचे शिव्याशाप पचवीत उघड माघारी वळला. त्याला मी भ्याड म्हणणार नाही.

शिल्लक कारणांपैकी मोठे कारण भाषेचे. १९६३ च्या राजभाषा कायद्यात इंग्रजी चालू ‘राहू शकेल’ असे होते. ‘राहील’ असे म्हणा, हा अण्णादुराईंचा आग्रह. एका क्रियापदासाठी भांडण? व्याकरण शिकवणाऱ्या माझ्यासारख्याला तरी त्याचे नवल वाटत नाही. नेहरू गेले, २६ जानेवारी १९६५ उजाडली आणि मद्रास राज्य पेटले. तरुणांनी अंगावर तेल ओतून घेतले, गोळीबार झाले. अखेर १९६७ च्या डिसेंबरात कायदा दुरुस्त करून इंग्रजीची हमी दिली गेली. ते ‘राहील’ वेळेवर दिले असते तर किती आया रडायच्या वाचल्या असत्या!

त्याच वर्षी अण्णादुराई मद्रासचे मुख्यमंत्री झाले. घटनेची शपथ घेऊन. त्यांच्या मुलुखात फुटीची भाषा अशी मावळत असताना आमच्या मुंबईत मात्र ‘मद्रासी हटाव’च्या आरोळ्या उठत होत्या. हे लिहिताना हात जरा अडखळतो, पण लिहिले पाहिजे.

एक गोष्ट राहिली. १९६३ साली राज्यसभेत मद्रास राज्याचे नाव ‘तमिळनाडू’ करावे असे विधेयक आले होते. मांडणारे बंगालचे कम्युनिस्ट नेते भूपेश गुप्त, बाजूने बोलणारे अण्णादुराई. नाव बदलून तुम्हांला मिळणार काय, असे एका सभासदाने विचारले. अण्णादुराईंनी उलट विचारले, की पार्लमेंटला लोकसभा आणि प्रेसिडेंटला राष्ट्रपती म्हणून तुम्हांला काय मिळाले? विधेयक पडले. पुढे १९६७ च्या जुलैत त्यांच्याच विधानसभेने तसा ठराव केला, आणि पोंगलच्या सणाला, १४ जानेवारी १९६९ रोजी, नाव बदलले. ‘नाडू’ म्हणजे देश. अण्णादुराई तेव्हा कर्करोगाने खंगलेले होते. त्या नावाच्या राज्यात ते वीस दिवस जगले.