तुपाखाली वाढलेली लस

सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस या गोमंतकीय डॉक्टरांनी एका रुग्णाच्या जांघेतली गाठ पाहिली आणि हा प्लेग असल्याचं निदान केलं. काही आठवड्यांतच मुंबई रिकामी व्हायला लागली. गिरण्या ओस पडल्या, गाड्या भरभरून माणसं गावी निघाली आणि त्यांच्याबरोबर रोगही निघाला.

त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात वाल्देमार हाफकिन मुंबईत आले. ओडेसात जन्मलेला हा ज्यू शास्त्रज्ञ पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमधून तयार होऊन बाहेर पडला होता. कॉलऱ्याची लस त्यांनी आधीच शोधली होती आणि बंगालमध्ये हजारोंना टोचलीही होती. मुंबईत मात्र भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात त्यांना एक खोली, बाहेरचा व्हरांडा, एक कारकून आणि तीन शिपाई, एवढंच मिळालं.

या तुटपुंज्या सामानावर त्यांनी जे केलं ते आजही चकित करतं. प्लेगचे जंतू वाढवायला त्यांनी बकऱ्याच्या मांसाचं सार वापरलं आणि त्यावर तुपाचे थेंब सोडले. तरंगत्या तुपाला धरून जंतू वाढायचे आणि गुहेच्या छतावरून चुनखडीचे सुळे लोंबावेत तसे खाली लोंबू लागायचे. बाटली हलवली की ते तळाशी बसत, वर पुन्हा नवे धरत. पुरेसं पीक आलं की जंतू उष्णता देऊन मारायचे, झाली लस. १० जानेवारी १८९७ रोजी हाफकिन यांनी तिची सुई आधी स्वतःलाच टोचून घेतली. त्याच महिन्याच्या अखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात साथ शिरली आणि तिथल्या राजीखुशीने पुढे आलेल्या कैद्यांवर लसीची पहिली मोठी परीक्षा झाली.

‘राजीखुशीने’ हे महत्त्वाचं. पुण्यात त्याच सुमारास प्लेग कमिशनर रँडचे गोरे सोजीर घरांत घुसून, देवघरापर्यंत जाऊन झडत्या घेत होते. २२ जूनला चापेकर बंधूंनी रँडवर गोळ्या झाडून त्याचा हिशेब चुकता केला. मार्चमध्ये रुग्णांची सेवा करता करता सावित्रीबाई फुले प्लेगनेच गेल्या होत्या. सरकारी डॉक्टर म्हटलं की लोक दार लावून घेत, अशा त्या दिवसांत हाफकिन यांची भिस्त लोकांच्या विश्वासावर होती. खोजांचे तरुण धर्मगुरू आगाखान यांनी स्वतः लस टोचून घेतली, तेव्हा खोजा समाज मोठ्या संख्येने पुढे आला. आकडेही बोलू लागले. १८९८ मध्ये बडोद्याजवळच्या उंधेरा गावात घरटी अर्ध्या माणसांना लस दिली गेली. लस घेतलेल्या ७१ जणांपैकी ३ दगावले, न घेतलेल्या ६४ पैकी २६.

१८९९ मध्ये प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नर हाउसमध्ये गेली. गव्हर्नर फर्ग्युसन यांची पत्नी याच वाड्यात कॉलऱ्याने वारली आणि त्यानंतर लाटसाहेबांनी मलबार हिल गाठली होती. साथीला भिऊन सोडलेली वास्तू साथीशी लढणाऱ्याच्या वाट्याला आली!

घात झाला पंजाबात. १९०२ च्या ऑक्टोबरात मुल्कोवाल गावी एकाच बाटलीतली लस घेतलेली १९ माणसं धनुर्वाताने मेली. ठपका परळवर आला आणि हाफकिन निलंबित झाले. वास्तविक बाटली उघडताना तिथल्या सहायकाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करताच वापरला गेला होता. शिवाय बाटली परळमध्येच दूषित झाली असती तर उघडताना दुर्गंधी यायला हवी होती. ती आली नव्हती. हे सरकारच्या गळी उतरायला पाच वर्षं लागली. १९०७ मध्ये रोनाल्ड रॉस आणि इतर शास्त्रज्ञांनी लंडनच्या ‘टाइम्स’मध्ये जाहीर पत्र लिहिलं, तेव्हा कुठे हाफकिन निर्दोष ठरले. त्यांना नोकरी परत मिळाली, पण कोलकात्यात. परळची खुर्ची नाही. १९१४ मध्ये ते निवृत्त होऊन युरोपला परतले.

परळच्या प्रयोगशाळेला त्यांचं नाव मिळालं १९२५ मध्ये. तोवर तिथून प्लेगच्या लसीच्या सुमारे २ कोटी ६० लाख मात्रा बाहेर पडल्या होत्या. हाफकिन तेव्हा हयात होते. पाच वर्षांनी, १९३० मध्ये, स्वित्झर्लंडमधल्या लोझान शहरात त्यांचं निधन झालं.