नांव बदललें आणि दिवा विझला

नागपूरहून भंडाऱ्याच्या वाटेनें पूर्वेकडे निघालें म्हणजे कन्हान नदीच्या कांठीं मौदा हें गांव लागतें. तेथील औष्णिक विद्युत्-केंद्रामुळें त्याचें नांव आज दूरवर माहीत झालें आहे. ५०० मेगावॅटचे दोन व ६६० मेगावॅटचे दोन, असे चार संच तेथें उभे आहेत आणि सर्वांची मिळून शक्ति २३२० मेगावॅट भरते. अशा या गांवांत गेल्या वर्षीं माझ्या मावशीच्या घरचा एक लहानसा दिवा दोन रात्री लागला नाहीं. वीज होती, दिवाहि शाबूत होता; तरी तो लागला नाहीं. त्या दिव्याच्या निमित्तानें एका नांवाचा इतिहास आपणांपुढें मांडावा, एवढाच आजच्या भाषणाचा हेतु आहे.

मावशीनें ऐंशी ओलांडली आहे. गुडघे दुखतात, रात्रीं दोनदां तरी उठावें लागतें. म्हणून मी तिच्या खाटेच्या पायथ्याशीं हालचाल ओळखणारी एक डबी बसविली होती. मावशीनें पाय जमिनीवर टेकला कीं डबी बिनतारी संदेश धाडी. कपाटांतला तळहाताएवढा संगणक तो ऐके आणि ओसरीवरच्या दिव्याला पेटण्याची आज्ञा देई. संगणकाला हे संदेश ऐकूं यावेत म्हणून त्याच्या यूएसबी खांचेंत अंगठ्याएवढें एक डोंगल खोंवलेलें होतें. या घराचे कान आणि तोंड, जें कांहीं म्हणावें तें, तें डोंगलच. भिंतीवरचें बटण चुकून कोणी बंद करूं नये म्हणून त्यावर आम्हीच पट्टी चिकटविली होती.

एका रविवारीं मी मौद्याला गेलों असतां संगणकाच्या पडद्यावर सूचना दिसली, कीं या आज्ञावलीची नवी आवृत्ति आली आहे. नवें तें चांगलें, अशा भोळ्या समजुतीनें मी बोट टेकविलें, चहा घेतला आणि नागपूरला परतलों. बुधवारीं सहज दूरध्वनि केला तेव्हां मावशी म्हणाली, "तुझा दिवा रुसला आहे रे. पण कांहीं अडलें नाहीं, भिंत होती ना हाताशीं." दोन रात्री ती भिंत चांचपत गेली होती आणि मला त्रास नको म्हणून बोलली नव्हती. मी त्याच संध्याकाळची गाडी धरली.

संगणक उघडून पाहतों तों तक्रार एवढीच होती, कीं "टीटीवाय-यूएसबी-०" या नांवाचें उपकरण उत्तर देत नाहीं. डोंगल तर समोर खोंवलेलें दिसत होतें. मग हें टीटीवाय-यूएसबी-० कोण? या प्रश्नाचें उत्तर शोधूं लागलें म्हणजे माणसाला थेट तारायंत्रांच्या काळापर्यंत मागें जावें लागतें.

"टीटीवाय" हीं अक्षरें "टेलिटाइपरायटर" या शब्दाचीं आहेत. तारेवरून आलेला मजकूर आपोआप कागदावर उमटविणारें तें यंत्र. आपण त्याला टेलिप्रिंटर म्हणत आलों. आपल्या देशांत तीं यंत्रें करण्यासाठीं १९६० सालीं मद्रास येथें हिंदुस्थान टेलिप्रिंटर्स ही कंपनी निघाली. वर्तमानपत्रांच्या कचेरींत त्याची खडखड ज्यांनीं ऐकली असेल, असे श्रोते आजहि असतील. अमेरिकेंत बेल प्रयोगशाळेंत केन थॉम्पसन व डेनिस रिची यांनीं १९६९ पासून युनिक्स ही संगणक-प्रणाली घडविली, तेव्हां संगणकाशीं बोलण्याचें त्यांचें साधन हेंच यंत्र होतें. म्हणून ज्या दारानें माणूस संगणकाशीं बोलतो त्या दाराला त्यांनीं "टीटीवाय" म्हटलें. १९९१ सालीं फिनलंडमधील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्यानें युनिक्सच्या धर्तीवर लिनक्स रचण्यास आरंभ केला आणि तेंच नांव पुढें चालविलें. यंत्र अडगळींत गेलें, नांव मागें राहिलें. आपल्या नागपूरच्या इतवारींत बाजार सारा आठवडाभर चालतो. पण म्हणून कोणी इतवारीला दुसरें नांव दिलें आहे काय?

नांवाचा पूर्वार्ध कळला. आतां त्यापुढील "यूएसबी-०" पाहूं. पूर्वीच्या संगणकांना मागच्या बाजूस ठराविक खांचा असत. १९६० सालीं अमेरिकेंत "आरएस-२३२" नांवाचें एक मान निश्चित झालें; त्या जातीच्या खांचांना पुढें घरगुती संगणकांत कॉम-एक, कॉम-दोन अशीं नांवें मिळालीं. येथें खांच हेंच नांव होतें. पहिल्या खांचेंत जें उपकरण लावाल तें कॉम-एक. पंगतींत ज्यानें त्यानें आपापल्या पाटावर बसावें, तसा हा प्रकार. अडचण इतकीच, कीं पाट थोडे आणि प्रत्येक पाहुण्याची बैठक निराळी. टंकफलकाची खांच एक, मुद्रणयंत्राची दुसरी, आणि नवें कांहीं लावावयाचें तर संगणक बंद करून पुन्हा सुरू करण्याचा खटाटोप.

हा खटाटोप संपविणाऱ्यांत अजय भट्ट यांचें नांव पुढें येतें. हे बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाचे पदवीधर. ज्या नगरींत गायकवाडांच्या आश्रयानें मराठी नाटक आणि मराठी ग्रंथ फुलले, त्या नगरीचे हे विद्यार्थी पुढें इंटेल कंपनींत गेले. मुलीच्या शाळेचें काम छापतांना आपल्या पत्नीची झालेली दमछाक पाहून ही कल्पना सुचली, असें त्यांनीं सांगितलें आहे. इंटेल, आयबीएम, मायक्रोसॉफ्ट, कॉम्पॅक, डीईसी, एनईसी व नॉर्टेल अशा सात कंपन्या एकत्र आल्या आणि जानेवारी १९९६ मध्यें यूएसबीची पहिली आवृत्ति प्रसिद्ध झाली. एकच जातीची खांच, कोणतेंहि उपकरण, केव्हांहि लावा, केव्हांहि काढा. सोय मोठीच झाली. परंतु पाट आतां कोणाच्या मालकीचे राहिले नाहींत. तेव्हां लिनक्सनें या जुन्या धर्तीच्या उपकरणांना येण्याच्या क्रमानें नांवें दिलीं. जें आधीं ओळखलें गेलें तें टीटीवाय-यूएसबी-०, मागाहून आलेलें टीटीवाय-यूएसबी-१. हें खरोखर नांवच नव्हे. दवाखान्यांत मिळणारा तो रांगेचा बिल्ला आहे.

मावशीच्या घरीं नेमकें हेंच घडलें होतें. त्या संगणकाला डोंगलाशिवाय इन्व्हर्टरची प्रकृति कळविणारी एक तारहि जोडलेली होती. आजवर सुरू होतांना डोंगल आधीं ओळखलें जाई. नव्या आवृत्तीनंतर संगणक पुन्हा सुरू झाला, तेव्हां इन्व्हर्टरच्या तारेचा क्रमांक पहिला लागला. बिल्ले बदलले. आमची आज्ञावलि मात्र जुन्याच बिल्ल्याला हांका मारीत राहिली. म्हणजे दोन रात्री ती इन्व्हर्टरला विनवीत होती कीं ओसरीवरचा दिवा लाव, आणि इन्व्हर्टर बिचारा ती भाषा न कळून गप्प होता.

आतां कोणी विचारील, कीं घराला आज्ञा देण्याची ही हौस अलीकडचीच ना? तसें नाहीं. १९७५ सालीं स्कॉटलंडमधील ग्लेनरोथेस येथें पिको इलेक्ट्रॉनिक्स या कंपनीनें आपला दहावा प्रयोग म्हणून एक पद्धति काढली. तिला "एक्स-१०" हेंच नांव पडलें. घरांतील विजेच्या तारांवरूनच ती संदेश धाडी. प्रत्येक उपकरणावर दोन चक्र्या असत. एकीवर सोळा अक्षरें, दुसरीवर सोळा अंक. अशा २५६ पत्त्यांपैकीं हवा तो पत्ता पेचकसानें फिरवून ठेवावयाचा. शेजाऱ्यानेंहि तेंच अक्षर निवडलें तर आपल्या आज्ञेनें त्याचा दिवा लागे, ही तिची गंमत. परंतु तिचा एक गुण विसरूं नये. पत्ता उपकरणाच्या अंगावर लिहिलेला असे. तो विसरावयास कोठें दुसरी स्मृतीच नव्हती.

पुढें बिनतारी पद्धति आल्या. डेन्मार्कमधील झेनसिस कंपनीची झेड-वेव्ह आणि अनेक कंपन्यांनीं मिळून ठरविलेली झिगबी, जिची पहिली रचना २००४ मध्यें निश्चित झाली, या त्यांत मुख्य होत. आपल्या देशांत एके काळीं नुसता रेडिओ ऐकावयाचा तरी डाकघरांत परवान्याचे पैसे भरावे लागत. पण २००५ सालीं सरकारनें या अल्पशक्ति उपकरणांच्या लहरी परवान्यांतून मोकळ्या केल्या, म्हणून मौद्याच्या ओसरीवर हा खेळ मांडतां आला. या पद्धतींत घराचा वंशवृक्ष डोंगलाच्या पोटांत असतो. घराची सांकेतिक किल्ली कोणती, कोणता दिवा कोणत्या अंकाचा, ही स्मृति तेथें. म्हणून दिवा लागेना झाला असतां, घाईनें डोंगल "कोरें" करून पुन्हा पहिल्यापासून जोडणी करूं जाणें, हा सर्वांत मोठा अनर्थ होय. हांक ऐकूं येत नाहीं म्हणून घरच्या माणसाची ओळखच पुसण्यासारखें तें आहे. माझाहि हात त्या बटणावर गेला होता; मावशी म्हणाली, "आधीं जेव, मग काय तें कर." तेवढ्या विलंबानें वांचलों.

रांगेच्या बिल्ल्यावरील उतारा २००३ सालींच निघाला होता. ग्रेग क्रोआ-हार्टमन यांनीं लिनक्ससाठीं "यूडेव्ह" नांवाची योजना केली. प्रत्येक यूएसबी उपकरण आंत शिरतांना आपल्या कर्त्याचा अंक, आपल्या जातीचा अंक व बहुधा स्वतःचा अनुक्रमांक सांगतें. त्यांवरून यूडेव्हला प्रत्येकास एक कायमचें नांव देतां येतें. तीं नांवें "सीरियल" या कप्प्यांतील "बाय-आयडी" या पोटकप्प्यांत सांपडतात. रांगेंत कितीहि उलथापालथ होवो, हें नांव ढळत नाहीं. जीं स्वस्त उपकरणें अनुक्रमांक सांगत नाहींत, त्यांना खांचेवरून ओळखण्याचा "बाय-पाथ" हा पर्याय आहे. म्हणजे जुना पाटच पुन्हा मांडावयाचा.

तथापि नांव बरोबर असूनहि दार बंद सांपडतें, असें कधीं कधीं होतें. एप्रिल २०२२ मध्यें उबंटू या लिनक्सच्या प्रचलित प्रकाराची २२.०४ ही आवृत्ति आली. ती घेतल्यावर अनेकांचीं उपकरणें क्षणभर दिसून नाहींशीं होऊं लागलीं. शोधाअंतीं कळलें, कीं अंधांच्या ब्रेल-फलकासाठीं असलेली "बीआरएलटीटीवाय" ही आज्ञावलि त्यांवर हक्क सांगत होती. कांहीं ब्रेल-फलकांत आणि या उपकरणांत एकाच जातीची स्वस्त चकती असल्यामुळें दोहोंचे जाति-अंक एकच निघाले. अंधांच्या सोयीसाठीं केलेली योजना, आणि तिनें दुसऱ्याचा दिवा घालवावा! दोष कोणाच्याहि मनांत नव्हता. दोन वस्तूंना एकच आडनांव होतें इतकेंच.

म्हणून ज्यांच्या घरीं अशी वेळ येईल त्यांनीं क्रमानें पाहावें. प्रथम, डोंगल संगणकाला दिसतें कीं नाहीं हें यूएसबी उपकरणांच्या यादींत व प्रणालीच्या रोजनिशींत शोधावें. दिसत असेल तर त्याचें आजचें नांव काय आहे तें पाहून आज्ञावलींत "बाय-आयडी"चें कायमचें नांव भरावें. मग दुसरी कोणती आज्ञावलि त्यावर बसली आहे काय, आणि आपल्या आज्ञावलीस त्या दाराची परवानगी आहे काय, हें तपासावें. डेबियन, उबंटू या कुळांत ज्या गटास ही परवानगी असते त्याचें नांव अद्यापि "डायल-आउट" आहे, म्हणजे दूरध्वनीवरून संगणक जोडण्याच्या काळाचा तो अवशेष. तरीहि दिवे मधूनच बहिरे होत असतील, तर डोंगल यूएसबी-३ च्या खांचेपासून हातभर तारेनें दूर न्यावें. या खांचांचा गोंगाट २.४ गिगाहर्ट्झच्या लहरींत मिसळतो, असें इंटेलनेंच २०१२ मध्यें दाखवून दिलें आहे. आणि नवी आवृत्ति घेण्यापूर्वीं जुन्याची प्रत काढून ठेवावी. हें शेवटचें वाक्य मी सर्वांत शेवटीं शिकलों, म्हणून येथें शेवटीं सांगतों.

श्रोतेहो, २०१३ हें साल मला मोठें सूचक वाटतें. त्या वर्षीं मौद्याचा पहिला संच रीतसर वीज देऊं लागला. त्याच वर्षीं जुलैंत आपल्या देशांतील तारसेवा बंद झाली. आणि त्याच वर्षीं पॉलस शाउटसेन या डच तरुणानें "होम असिस्टंट" ही घर चालविणारी आज्ञावलि लोकांपुढें ठेवली. तार गेली, पण तारायंत्राचें नांव मात्र नव्या घरांच्या कपाटांत शिरून बसलें. वस्तु जातात, नांवें राहतात, आणि आपण नांवावर विसंबून वस्तूला हांक मारतों. हांकेला ओ आली नाहीं म्हणजे वस्तु मेली असें समजण्यापूर्वीं, आपण कोणाला हांक मारीत आहों हें एकदां पाहावें.

त्या रात्रीं मीं डोंगलाचें कायमचें नांव भरलें आणि दिवा लागला. त्यानंतर आणखी एक काम केलें. भिंतीवरच्या बटणावरची पट्टी काढली, आणि त्या जागीं असें बटण बसविलें, कीं जें संगणकाला न विचारतां दिवा लावतें. मावशीनें तें दोनदां दाबून पाहिलें आणि म्हणाली, "हें बरें झालें. याचें नांव मला ठाऊक आहे."