भाकरीच्या शेजारचे

दिवाळीच्या अंकात कमी खाण्याविषयी लिहिणे म्हणजे लग्नाच्या पंगतीत एकादशीचे माहात्म्य सांगण्यासारखे आहे, हे मला कळते. हा अंक वाचणाऱ्याच्या एका हातात चकली असणार, पलीकडे मुले लाडवावरून भांडत असणार. तरीही लिहिते. गेल्या काही वर्षांत आमच्या घरात भाकरीवरून जे रामायण झाले त्याचा माग काढता काढता मी दीडशे वर्षे मागे जाऊन पोचले, आणि तिथे जे सापडले ते घराघरांत सांगावे असे मला वाटले.

माझे माहेर शिरूर तालुक्यातले, सासर दौंड तालुक्यातले. मध्ये भीमा. मी मॅट्रिकपुरती शिकलेली. गावातल्या लहान मुलांकडून अक्षरे गिरवून घेते आणि उरल्या वेळात कादंबऱ्या लिहिते. तेव्हा इतिहास सांगण्याचा माझा अधिकार तो काय असणार! पण चूल माझ्या ताब्यात आहे, आणि ही हकिगत चुलीपासूनच सुरू होते.

आमच्या आत्याबाईंना, म्हणजे सासूबाईंना, साखरेचा आजार निघाला. डॉक्टर म्हणाले, “भाकरी, भात, पोळी कमी करा, गूळ-साखर बंद.” मी लगेच त्यांचे ताट वेगळे केले. त्यात चतकोर भाकरी, बिनगुळाची गवार आणि काकडीच्या चकत्या. बाकीच्यांना नेहमीचा स्वयंपाक. दोन दिवस आत्याबाई काही बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी ताट पुढे सारून म्हणाल्या, “मला येगळं ताट कशापायी गं? मी काय सुतकात हाय?” पुढे डब्यातला गूळ आपोआप कमी होऊ लागला. मग मीही हट्टाला पेटले आणि एके दिवशी भाकरी साफ बंद केली. गोळ्या मात्र होत्या तेवढ्याच चालू. दुपारी चारच्या सुमारास त्यांना दरदरून घाम फुटला, हात थरथरू लागले, बोलणे असंबद्ध झाले. साखरेचे पाणी पाजले तेव्हा हळूहळू शुद्धीवर आल्या. डॉक्टर रागावले, ते योग्यच होते. गोळी तेवढीच ठेवून भाकरी तोडली की रक्तातली साखर धाडकन खाली येते, ताट बदलायचे तर आधी औषधाचे माप बदलून घ्यायचे असते, हे मी कोणाला विचारलेच नव्हते. चूक माझी. ती इथे मुद्दाम लिहून ठेवते.

त्या रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या आत्याबाई म्हणाल्या, “भाकर नगं म्हनतीस. पर आमच्या जल्मात भाकरीबिगर दुसरं हुतं काय?”

हा प्रश्न माझ्या डोक्यातून जाईना. आपल्या भागात ताटात खरोखर काय होते, ते पाहावे म्हणून मी जुनी पुस्तके मिळवली, जाणत्यांना विचारले.

पहिली गोष्ट अशी, की पथ्याची कल्पना मुळीच नवी नाही. चरकसंहितेत प्रमेहाच्या रोग्याला मुख्य अन्न म्हणून जव सांगितला आहे. सुश्रुताने तर निर्धन रोग्याला कोसच्या कोस चालावे, विहीर खणावी, असे श्रमाचे औषध दिले. तिकडे लंडनमध्ये विल्यम बँटिंग नावाच्या, अंत्यविधीची व्यवस्था करण्याचा व्यवसाय असलेल्या गृहस्थाने पाव, साखर, बटाटे, बिअर सोडून आपले लठ्ठपण उतरवले आणि १८६३ साली त्यावर एक पुस्तिका छापली. ती इतकी गाजली की त्याचे आडनावच पथ्याचे नाव होऊन बसले. १९२२ च्या जानेवारीत टोरांटोत एका चौदा वर्षांच्या मुलाला इन्शुलिन टोचले गेले. तोवर या रोगावर वैद्य-डॉक्टरांच्या हाती खाण्याच्या पथ्यावाचून फारसे काही नव्हते. आपल्या महाराष्ट्रात नागपूरच्या डॉ. श्रीकांत जिचकारांनी मांडलेला विचार पुढे डॉ. जगन्नाथ दीक्षितांनी गावोगाव नेला: दिवसातून दोनदाच जेवायचे, प्रत्येक जेवण पंचावन्न मिनिटांत आटपायचे, गोड आणि पिष्टमय पदार्थ कमी करायचे. आमच्याकडेही पुष्कळांनी घड्याळे लावली. मात्र एक चमत्कार मी पाहिला. नवरा पंचावन्न मिनिटे पाळत असतो आणि बायको बाकीच्यांसाठी दिवसातून चार वेळा गॅस पेटवत असते. या सगळ्या पथ्यांत रोगी एकटाच असतो. घर कुठे दिसत नाही.

आता आपल्या मुलखाकडे येते. शिरूर-दौंडची जमीन कमी पावसाची, बाजरी आणि ज्वारीची. १८७६ साली पाऊस गेला आणि मोठा दुष्काळ पडला. सरकारने कामे काढली. आमच्या दौंडहून मनमाडला जाणारी गाडी ज्या मार्गावरून धावते, तो मार्ग त्याच दुष्काळातल्या मजुरांच्या हातचा. १८७८ साली तो सुरू झाला. या कामांवरच्या माणसाला किती अन्न पुरते, असा प्रश्न सरकारपुढे होता. सर रिचर्ड टेंपल यांनी १८७७ च्या आरंभी हिशेब मांडला, की दिवसाला एक पौंड धान्याइतकी मजुरी आणि वर किरकोळ पैसे, एवढे बस्स. एक पौंड म्हणजे सुमारे ४५० ग्रॅम. मुंबई इलाख्यात मजुरांनी कामे सोडली, पुण्याच्या सार्वजनिक सभेने सरकारकडे त्यांची बाजू मांडली. मद्रास इलाख्याचे आरोग्याधिकारी डॉ. कॉर्निश यांनीही याला कडाडून विरोध केला. त्यांचे म्हणणे एवढेच, की राबणाऱ्या माणसाचे शरीर नुसत्या धान्यावर टिकत नाही; धान्य वाढवा, आणि त्याच्या शेजारी डाळ व भाजीपाला द्या.

हे वाचले आणि मी पुस्तक मिटून बसले. आत्याबाईंच्या प्रश्नाला इतिहासाने दिलेले हे पहिले उत्तर होते. भाकरी किती, यापेक्षा भाकरीच्या शेजारी काय, हा वाद आपल्या मुलखात दीडशे वर्षे जुना आहे!

पुढे १९२१ साली पुण्याच्या शेतकी महाविद्यालयाचे डॉ. हॅरॉल्ड मान आणि श्री. कानिटकर यांनी एका कोरडवाहू गावाची पाहणी छापली. ते गाव शिरूर तालुक्यातले जातेगाव बुद्रुक. जमिनीचे तुकडे, कर्ज, मिळकत असा घराघराचा हिशेब त्यात आहे, आणि निष्कर्ष असा, की बहुसंख्य घरांना गावच्याच साध्या राहणीप्रमाणे जगण्यापुरतेही उत्पन्न नव्हते. अशा घरात आधी काय आटते? भाकरी आटत नाही, ती शेवटपर्यंत असते. आटते ते शेजारचे.

मात्र गरिबीतसुद्धा या शेजारच्याची परंपरा मोठी होती. बाजरीच्या शेतात मटकी, हुलगा, तुरीची ओळ असायची. माझी आजी हुलग्याचे शेंगोळे वळायची. लसूण-मिरचीच्या फोडणीत ते रटरटू लागले की सारी आळी दरवळायची. आजाऱ्याला हुलग्याचे माडगे. पावसाळ्यात बांधावरची तांदुळजा, घोळ, पाथरी. थंडीत हरभऱ्याचा कोवळा पाला. ताक, शेंगदाण्याची नि कारळ्याची चटणी, कोणाकडे अंडे, कोणाकडे सुकट.

मग पाणी आले. खडकवासल्याच्या कालव्याने दौंडच्या बाजूला ऊस आणला. केडगावच्या परिसरात गुऱ्हाळे, पाटसला भीमा कारखाना, शिरूरकडे न्हावऱ्याला घोडगंगा कारखाना उभा राहिला. पाण्याला नावे ठेवणारी मी कोण! त्या पाण्यावर आमची घरे पक्की झाली, मुले शिकली. पण जिथे बाजरीच्या पोटात मटकी वाढायची, तिथे उसाच्या पोटात काही वाढेना. १९७२ च्या दुष्काळात परदेशी मायलो आणि कामावरची सुकडी लोकांनी खाल्ली. रेशनवर गहू-तांदूळ आले, बाजरीची भाकरी मागे पडून पोळी-भात वर आला. रांजणगावला कारखाने निघाले, तेव्हा उन्हात वाकणारी पाठ यंत्रासमोर किंवा खुर्चीत स्थिर झाली. ताटातले धान्य तेवढेच राहिले. ते जाळणारे श्रम गेले, आणि शेजारचे कडधान्यही गेले.

इथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. २०२३ हे भरड धान्यांचे जागतिक वर्ष झाले, तेव्हापासून बाजरी खाल्ली की साखर बरी होते, असे पुष्कळजण समजतात. शंभर ग्रॅम तांदळात सुमारे ७८ ग्रॅम पिष्ट, गव्हाच्या पिठात ६४, ज्वारीत ६८, बाजरीत ६२. फरक आहे, पण आकाशपाताळाचा नाही. हुलग्यातही ५७ ग्रॅम पिष्ट असते. मात्र सोबत जवळजवळ २२ ग्रॅम प्रथिने असतात, बाजरीत ती अकराच. शेंगदाण्यात पिष्ट १७ आणि प्रथिने २४. अंड्यात पिष्ट जवळपास नाहीच. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या सहाय्याने झालेल्या देशव्यापी पाहणीतून २०२५ साली हेच पुढे आले. आपल्या अन्नातली सुमारे ६२ टक्के शक्ती पिष्ट आणि साखरेतून येते. गहू-तांदळाच्या जागी नुसते भरड धान्य ठेवून धोका घटलेला दिसला नाही. एकूण पिष्टाचा थोडा भाग कमी करून तिथे डाळी-कडधान्ये, दूध-दही आणले, तर तो घटण्याची शक्यता दिसली. डॉ. कॉर्निश यांचेच म्हणणे, फक्त उलट्या बाजूने. तेव्हाच्या उपाशी माणसालाही शेजारचे हवे होते, आताच्या पोटभर जेवणाऱ्यालाही तेच हवे आहे.

हे सगळे मी एका दुपारी आत्याबाईंना वाचून दाखवले. त्या ऐकत होत्या. मग म्हणाल्या, “कालवण हुतं की. गडी जेवले, पोरं जेवली, मग आमी बाया बसायचो. तवर भगुन्याचा तळ दिसायचा. भाकर तेवढी उरायची.”

मी गप्प झाले. कोणत्याही पुस्तकात मला हे सापडले नव्हते. गावाच्या पाहणीत कुटुंब मोजले जाते, कुटुंबातले शेवटचे ताट मोजले जात नाही. आत्याबाईंच्या जन्मात भाकरीवाचून दुसरे नव्हते, ते रानात पिकत नव्हते म्हणून नव्हे. त्यांची पाळी येईपर्यंत ते संपत होते. आणि आता म्हातारपणी मी त्यांची भाकरीही काढून घेतली, वर वेगळ्या ताटावर बसवले!

त्या दिवसापासून आमच्या घरात एकच स्वयंपाक होतो. डॉक्टरांना विचारून गोळ्यांचे माप बदलून घेतले आणि मग सगळ्यांचेच ताट बदलले. पूर्वी पाच माणसांना पिठाची मोठी परात आणि उसळीचे लहान पातेले लागे. आता परात लहान, पातेले मोठे. मटकी, हुलगा, मूग यांना आळीपाळीने मोड. हुलगे शिजवलेले पाणी फेकायचे नाही. त्याचे लसूण-कोकम घालून कढण करायचे, ते जेवणाच्या आरंभी सर्वांनी प्यायचे. शेपू, मेथी, अंबाडी दाण्याचे कूट घालून, ती तोंडी लावण्यापुरती नव्हे, अर्धे ताट भरेल इतकी. आठवड्यातून दोनदा अंड्याचा रस्सा, रविवारी बोंबील. भात रोज नाही. भाकरी थापतेच, मोठ्यांना अर्धी, खेळून येणाऱ्या मुलांना हवी तेवढी. वाढत्या मुलांची भाकरी तोडायला मी काही टेंपलसाहेब नाही. साऱ्या घराने एक अन्न खायचे म्हणजे सर्वांनी एकाच मापाने खायचे असे नव्हे. मुलांनी आठ दिवस तोंडे वाकडी केली, ह्यांनी पंधरा दिवस. शेंगोळे पुन्हा सुरू झाल्यावर कुरकुर थांबली.

खर्च वाढला, हे लपवत नाही. रेशनवर माणशी महिना पाच किलो धान्य मोफत मिळते. त्या पाच किलोंत डाळ नसते. ज्या घरात रोजचा रोज हिशेब आहे, त्या बाईला मी कोणत्या तोंडाने सांगू की भाकरी अर्धी कर? तिच्यासाठी धान्य मोजणाऱ्यांनी शेजारच्याचाही विचार केला पाहिजे, हे १८७७ इतकेच आजही खरे आहे. आपल्यापुरते मी एवढे केले, की परसात शेवगा लावला आणि बांधावर तुरीची एक ओळ परत आणली.

आत्याबाई खडखडीत बऱ्या झाल्या, असा चमत्कार सांगत नाही. गोळी चालू आहे, थोडी कमी झाली आहे. गुळाचा डबा मात्र आता आपोआप रिकामा होत नाही.

यंदाही फराळ होणार. चकल्या होतील, करंज्या होतील, लाडू मात्र लिंबाएवढे वळायचे ठरले आहे. पाडव्याला सगळे एका पंगतीत बसतो. गेल्या पाडव्याला मी सवयीने आधी ह्यांच्या ताटात उसळ वाढायला वळले, तेव्हा आत्याबाईंनी आपली वाटी पुढे केली. “हिकडं वाढ आधी,” म्हणाल्या, “वरची न्हाई, तळातली. घट्ट.”

मी डाव तळापर्यंत घातला.