पाट्यांचे थर आणि पिळाचा दांडा

केळी वाहणाऱ्या गाडीकडून दोन गोष्टी हव्या असतात आणि त्या एकमेकींच्या विरोधात जातात. चाक खड्ड्यात आदळले तरी धक्का घडापर्यंत पोहोचू नये, म्हणून स्प्रिंग मऊ हवी. कारण साल दबली की ती जागा काळी पडते आणि दिल्लीच्या बाजारात भाव तिथेच तुटतो. वळणावर मात्र उंच रचलेला माल एका अंगाला कलू नये, म्हणून तीच स्प्रिंग कडक हवी. रावेर, यावल, मुक्ताईनगर, चोपडा हा केळीचा पट्टा आणि त्याच्या तोंडाशी बसलेले भुसावळ, इथल्या मालवाहतुकीचा इतिहास मला या एका पेचाचा इतिहास वाटतो. रुळांवर त्याचे उत्तर वेगळे शोधले गेले. रस्त्यावर आपण तो पाटे, म्हणजे स्प्रिंगच्या एकावर एक रचलेल्या पट्ट्या, वाढवून दडपत आलो. जुनी जीप किंवा पिकअप आज कुणी पुन्हा उभी करत असेल, तर तिला अँटी-रोल बार, म्हणजे गॅरेजमधला स्टॅबिलायझर रॉड, बसवावा का आणि कसा निवडावा, याचे उत्तरही या इतिहासातूनच मिळते, असे माझे म्हणणे आहे.

सुरुवात बैलगाडीपासून करायला हवी, कारण तिथे हा पेच नव्हताच. खान्देशातला कापूस एकेकाळी गाडीच्या साट्यावर उंच रचून जिनिंगपर्यंत जाई. गाडीला स्प्रिंग नाही, साटा आसावर घट्ट बांधलेला, त्यामुळे साटा आसापासून वेगळा कलूच शकत नाही. गाडी कलते ती अख्खी, आणि एका मर्यादेनंतर थेट उलटते. म्हणून गाडीवानाचे सगळे शहाणपण माल रचण्यात होते: जड खाली, हलका वर, दोर आवळून, आणि काळ्या मातीतल्या चाकोरीत चाक तिरपे घुसू द्यायचे नाही. धक्क्याची पर्वा कापसाला नव्हती. ती केळीला आहे, आणि घडांची दूरची वाहतूक बैलगाडीच्या आवाक्यातली नव्हती ती एवढ्यासाठीही.

ती वाहतूक रेल्वेने शक्य केली. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा थळ घाट १८६५मध्ये खुला झाला. भुसावळहून एक फाटा नागपूरकडे आणि दुसरा खंडवा, इटारसीमार्गे जबलपूरकडे निघाला, आणि १८७०च्या मार्चमध्ये जबलपूरला मुंबई आणि कलकत्ता जोडले गेले. दुसऱ्या फाट्यावरची सावदा, निंभोरा, रावेर ही छोटी स्टेशने पुढे केळीच्या भरण्यासाठी देशभर ओळखली गेली. फ्रूटसेल सोसायट्या वॅगनी मागवत, घड केळीच्याच पानांच्या थरांत उभे रचले जात आणि माल उत्तरेकडे जाई. रूळ गुळगुळीत, वळणे लांबलचक, त्यामुळे रेल्वेला पेच कमी तीव्रतेने भेडसावला हे खरे. पण भेडसावला, आणि तिने धक्का आणि डोलणे हे दोन वेगळे प्रश्न मानले. ही विभागणी प्रवासी डब्यांत स्पष्ट दिसते. आयसीएफच्या डब्यात वजन बोगीवर, म्हणजे चाकांच्या सांगाड्यावर, येते ते बाजूच्या दोन साइड बेअररवर, एकमेकांपासून १,६०० मिलिमीटर अंतरावर. आधाराची ही रुंदी डोलणे आवरण्यासाठी आहे, धक्का पेलण्याचे काम स्प्रिंगांचे. नंतरच्या एलएचबी डब्यांच्या फियाट बोगीत स्प्रिंगा आणखी मऊ झाल्या, तेव्हा डोलणे आवरायला स्वतंत्र अँटी-रोल बार आला. भुसावळच्या फलाटावरून रोज जाणाऱ्या या डब्यांखाली तो दांडा आहे. प्रवाशाला त्याचा पत्ता नसतो, पण मऊ स्प्रिंग परवडते ती त्याच्यामुळे.

रस्त्यावर गोष्ट वेगळ्या दिशेने गेली. महिंद्राने १९४७मध्ये मुंबईत विलिस जीप जुळवायला सुरुवात केली. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातून डॉज आणि फार्गो ट्रक निघू लागले, १९५४मध्ये टेल्कोने मर्सिडीज-बेंझशी करार केला, आणि १९६९मध्ये पुण्याच्या बजाज टेम्पोची मॅटाडोर आली. जीपच्या सांगाड्यावर पिकअप झाले, सपाट तोंडाची एफसी मालिका झाली. जीप घराण्यातल्या या मालवाहू गाड्या मूळच्या साध्या: पुढे-मागे अखंड ॲक्सल, चारही कोपऱ्यांत पाटे, अँटी-रोल बार नाही. युद्धासाठी आखलेल्या गाडीत चाकांनी दगडधोंड्यांवर मोकळेपणाने खालीवर व्हावे ही अपेक्षा होती. तिचे ओझे म्हणजे चार माणसे आणि थोडे सामान. आपण तिच्यावर काय लादले हे वेगळे सांगायला नको. सुरत-धुळे-भुसावळ-नागपूर हमरस्ता, बुऱ्हाणपूर-अंकलेश्वर रस्ता, चाळीसगावकडून कन्नडला चढणारा औट्रम घाट, साक्रीपलीकडचा कोंडाईबारी घाट, या वाटांवर गाडी डोलू लागली की मालक पाट्याच्या दुकानात जाई आणि एक पाटा वाढवून घेई. पाटा तुटला की त्याच्या जागी जाड पाटा. सेंटर बोल्ट नवा, यू-बोल्ट आवळलेले, गाडी पुन्हा ताठ.

हा मार्ग अडाणीपणाचा होता असे मानणे चूक ठरेल. पाटेवाल्या मिस्त्रीपुढे आलेली गाडी बहुतेक वेळा ठरल्यापेक्षा जास्त भरलेली असे. तिचा मागचा भाग बसलेला, ॲक्सल बंप रबरला टेकलेला. अशा गाडीला आधी उचलायला हवे आणि ते काम पाटाच करतो. पिळाचा दांडा, म्हणजे अँटी-रोल बार, एक किलोही वजन उचलत नाही. शिवाय पाटा स्वस्त, लोखंड गावात तापवून वळवता येते, आणि मोडला तर रस्त्यावर बदलता येतो. भरलेल्या गाडीपुरता मिस्त्रीचा निर्णय बरोबर होता. तो अपुरा पडतो दोन ठिकाणी. परतीच्या रिकाम्या फेरीत कडक पाटे उसळतात, टायर रस्ता सोडतो आणि ब्रेकची पकड जाते. आणि भरलेल्या फेरीत प्रत्येक वाढीव पाटा खड्ड्याचा धक्का आणखी थेट घडापर्यंत नेतो. कापसाच्या गाठीला चालणारा उपाय केळीला महाग पडतो. आता फण्या कापून क्रेटमध्ये किंवा खोक्यात भरतात म्हणून नुकसान घटले आहे, पण ते घटले पॅकिंगमुळे. गाडीने त्यात काही सुधारले नाही.

याचे कारण पाट्याच्या मांडणीतच आहे. पाटे चाकांखाली नसतात, चॅसीच्या लांब पट्ट्यांखाली, म्हणजे चाकांपेक्षा बरेच आत असतात. गाडी कलण्याला विरोध किती होणार हे दोन पाट्यांमधल्या अंतराच्या वर्गावर ठरते, आणि ते अंतर चॅसीने बांधून दिलेले. त्यामुळे कलण्याचा विरोध दीडपट हवा असेल तर पाट्यांचा ताठपणा दीडपट करावा लागतो आणि धक्काही त्याच प्रमाणात वाढतो. सुटका नाही. ही गाठ सोडवणारी कल्पना जुनी आहे: कॅनडातल्या न्यू ब्रन्सविक प्रांतातल्या फ्रेडरिक्टनच्या स्टीफन कोलमन यांना अशा दांड्याचे पेटंट २२ एप्रिल १९१९ रोजी मिळाले. स्प्रिंगच्या पोलादाचा एक दांडा गाडीला आडवा, मधला भाग दोन रबरी बुशांत धरलेला, दोन्ही टोके मागे वळवून हात केलेले, आणि ते हात लिंकने ॲक्सलच्या दोन बाजूंना जोडलेले. दोन्ही चाके एकदम वर आली तर दांडा बुशांत नुसता फिरतो, विरोध करत नाही. गाडी कलली की एक हात वर, दुसरा खाली, दांड्याला पीळ पडतो आणि तो पीळ सोडवण्याच्या धडपडीत तो गाडी सरळ करू पाहतो. म्हणजे धक्क्याला मऊ आणि कलण्याला कडक, केळीला हवे तेच. पिळाचा विरोध व्यासाच्या चौथ्या घाताने वाढतो. २५ मिलिमीटरच्या जागी तेवढ्याच लांबीचा २८ मिलिमीटरचा दांडा घेतला तर तो सुमारे ५७ टक्के अधिक कडक होतो. तीन मिलिमीटरचा फरक दुकानात डोळ्याला जाणवत नाही, रस्त्यावर जाणवतो.

इथे सर्वांत गंभीर आक्षेप येतो. २०२१च्या फेब्रुवारीत यावल तालुक्यात किनगावजवळ पपईने भरलेली गाडी रात्री उलटली आणि मालावर बसून घरी निघालेले किमान १५ मजूर मालाखाली दबून गेले. त्यात बायका होत्या, लहान मुले होती. अशा घटनेनंतर दांड्यांच्या व्यासाची चर्चा करणे पोकळ वाटू शकते, आणि दांडा बसवला म्हणजे गाडी सुरक्षित झाली असे कुणी समजले तर ती चर्चा घातकही ठरेल. म्हणून हे स्वच्छ सांगितले पाहिजे: गाडी उलटण्याची मर्यादा ठरवतात चाकांमधली रुंदी आणि वजनाची उंची. चाकांत १.३ मीटर अंतर असेल आणि भरलेल्या गाडीचा गुरुत्वमध्य जमिनीपासून १.३ मीटरवर गेला असेल, तर वजनाच्या निम्मे बल बाजूने लागले की गाडी उलटते. दांडा कलणे कमी करून मालाचे वजन बाहेरच्या बाजूला फारसे सरकू देत नाही, एवढाच थोडा फायदा. उंची तो कमी करत नाही. मालावर माणसे बसवण्याला कुठलाही सुटा भाग उत्तर नाही, त्याला मजुरांसाठी वेगळे वाहनच हवे. पण हा आक्षेप पाट्यांना तर आणखी जोराने लागू होतो. वाढीव पाट्यांनी गाडी उंच होते, ताठ उभी राहते, आणि ती भरली आहे हे तिच्या बसण्यावरून ओळखू येईनासे होते. कलण्याची सूचना पाठीत जाणवायची ती पाटा गिळून टाकतो. दांड्याविषयी खोटा विश्वास बाळगू नये हे मान्य, तसा तो पाट्यांविषयी आपण कित्येक दशके बाळगला.

दुसरा आक्षेप शिवाराचा. केळीच्या बागेपासून डांबरी सडकेपर्यंतची पाणंद पावसाळ्यानंतर खोल चाकोऱ्यांची होते. तिथे एक चाक खाली आणि दुसरे वर जायलाच हवे, आणि दांडा नेमके तेच अडवतो. चाक अधांतरी लटकते, पकड जाते. हा आक्षेप खरा आहे आणि त्यानेच निवड ठरते. बागेतूनच माल उचलणाऱ्या फोर-व्हील जीपला जाड दांडा नको. तिथे मध्यम व्यासाचा पुढचा दांडा आणि सहज सुटणाऱ्या लिंक असाव्यात, म्हणजे पाणंदीत लिंक सोडता येतील आणि सडकेवर येताच पुन्हा जोडता येतील. हा खटाटोप रोज जमणार नसेल, आणि दिवसाला चार फेऱ्या करणाऱ्याला तो जमत नाहीच, तर त्या गाडीला दांडा न लावणे अधिक शहाणपणाचे.

सडकेवरच्या जुन्या पिकअपला मात्र दांडा पुढे आधी बसवावा, मागे नंतर किंवा कधीच नाही. वळणावर आतल्या चाकांवरून बाहेरच्या चाकांवर एकूण किती वजन सरकणार हे दांडा फारसे बदलत नाही. त्यातले पुढच्या ॲक्सलवर किती आणि मागच्यावर किती, हे तो बदलतो. पुढचा दांडा कडक केला तर मर्यादेजवळ गाडीचे तोंड वळणाबाहेर सरकू लागते. चालक वेग कमी करतो आणि गाडी सावरते. फक्त मागचा कडक केला तर रिकाम्या पिकअपची हलकी शेपटी ओल्या रस्त्यावर सुटते, आणि ती सावरणे भल्याभल्यांना जमत नाही. दांडा बसवताना गाडी जॅकवर लोंबकळत ठेवू नये. चाके जमिनीवर, गाडी नेहमीच्या ओझ्याच्या उंचीला, हात जवळपास आडवे आणि लिंक उभ्या अशा स्थितीत शेवटचे नट आवळावेत, नाहीतर बुश पहिल्या दिवसापासून पिळलेले राहतात आणि लवकर फाटतात. स्टिअरिंग दोन्ही टोकांना फिरवून दांडा टायरला, ब्रेकच्या नळीला, टाय रॉडला किंवा इंजिनच्या तळपात्राला लागत नाही ना हे पाहावे, आणि चाक पूर्ण वर गेल्यावरही हेच पाहावे. जुन्या जीपच्या चॅसीला गंज असेल तर ब्रॅकेटच्या जागी लोखंड आधी तपासावे, कारण दांड्याचा सगळा जोर तिथल्या बोल्टांवर येतो. आणि त्याही आधी पाटे मोजावेत. मागच्या मालकाने वाढवलेले पाटे काढून मूळ संख्येवर आणल्याशिवाय दांड्याचा उपयोग कळणारच नाही.

राहिला अस्सलपणाचा आक्षेप. जुनी गाडी जशी कारखान्यातून आली तशीच राहावी असे मानणाऱ्यांचा मी आदर करतो. २०२१च्या केंद्रीय नियमांनी ५० वर्षांहून जुन्या खासगी गाड्यांना व्हिंटेज म्हणून वेगळी नोंद दिली ती गाडीच्या चॅसीत, बॉडीत आणि इंजिनात मोठा बदल नसण्याच्या अटीवरच. म्हणून वेल्डिंग टाळावे, बोल्टने बसणारा आणि बोल्ट सोडून निघणारा दांडा घ्यावा, आणि रस्त्यावर चालणाऱ्या कुठल्याही गाडीत बदल करण्यापूर्वी आरटीओत विचारून घ्यावे. पण खान्देशात कारखान्यातून आली तशी राहिलेली जुनी पिकअप मुळात किती सापडेल? तिच्या पाट्यांत कुणी ना कुणी भर घातलेली असणारच. पाट्यांच्या त्या वाढीव थराला आपण मूळ रूप समजतो आणि आडव्या दांड्याला परके समजतो, हा हिशेब मला पटत नाही. दोन्ही नंतरचे आहेत. त्यातला एक ओझ्यासाठी आला आणि ओझे अजून तसेच असेल तर त्याला राहू द्यावे. ओझे गेले असेल, गाडी आता सणावाराला धुळ्यापर्यंत आणि परत एवढीच धावत असेल, तर तो काढून ठेवावा आणि त्याच्या जागी पुढच्या ॲक्सलला मध्यम जाडीचा दांडा द्यावा.